इंदूरहून मुंबईला, सोळा-सोळा मिलिसेकंदांनी

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची पंचवीस क्रमांकाची धावपट्टी. थ्रॉटल पुढे ढकललात की थोड्याच वेळात चाकं जमीन सोडतात आणि डावीकडे वळता वळता सिरपूरचा तलाव खाली चमकून जातो. मग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरचं माळव्याचं पठार, काळ्या मातीच्या शेतांचे चौकोन. जानापावचा डोंगर मागे पडला की पठार संपतंच, जमीन खाली उतरत जाते, निमाड सुरू होतं, नर्मदा दिसते आणि तिच्या काठावर महेश्वर. पुढे सातपुडा, खानदेश, नाशिकचे डोंगर, कसारा, मुंबई. पाचशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास तुम्ही इंदूरच्या सुदामा नगरातल्या एखाद्या खोलीत, खुर्चीतून न उठता केलेला असतो!

हे घडतं कसं? मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अख्खी पृथ्वी आहे. म्हणजे अक्षरशः अख्खी. उपग्रहांनी आणि विमानांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरातल्या ब्लॅकशार्क या कंपनीच्या प्रणालीनं छपरं ओळखली, त्यांच्या आकारावरून घरांची उंची ताडली आणि दीडशे कोटींच्या आसपास इमारती उभ्या केल्या. कुणा चित्रकारानं इंदूरचं एकेक घर काढलेलं नाही, ते यंत्रानं अंदाजानं बांधलं आहे. हा सगळा ऐवज दोन पेटाबाइटांहून अधिक भरतो. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. तुमच्या घरच्या डिस्कवर तो मावणं शक्यच नाही. म्हणून विमान पुढे जाईल तशी पुढची जमीन इंटरनेटवरून येत राहते आणि मागची विसरली जाते.

आणि सुरुवात कुठून झाली होती? अमेरिकेत ब्रूस आर्टविक नावाच्या अभियंत्यानं १९८० च्या सुमारास ॲपल टू या संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर विकायला आणला. काळ्या पडद्यावर काही रेषा, त्यालाच जमीन म्हणायचं. त्या संगणकाच्या प्रोसेसरची गती होती सेकंदाला दहा लाख ठोके, आणि तो प्रोग्राम १६ केबी मेमरीत बसत असे. हे १६ केबी ध्यानात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहेत.

आता खरी अडचण. माळव्यावर विमान लोण्यासारखं चालतं. सातपुड्यावरही. पण मुंबई जवळ आली, ठाण्याच्या पुढे गेलात, घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्तीवरून सत्तावीसच्या धावपट्टीकडे उतरायला लागलात की चित्र अडखळतं. नेमकं जिथं हात सर्वांत स्थिर हवा, तिथं विमान हिसके देतं. संगणक तोच, विमान तेच, मग मुंबईनं असं काय केलं?

इंदुरात अशा वेळी पाय वळतात ते आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉल या संगणकबाजाराकडे, आणि ओठांवर पहिला शब्द येतो ‘ग्राफिक्स कार्ड’. शंभरातले बरेच जण तिथंच पैसे घालवतात आणि घरी येऊन पाहतात तर मुंबई अजून अडखळतेच आहे. म्हणून घराबाहेर पडण्याआधी त्या अडखळण्याच्या पोटात शिरून बघायला हवं, कारण आत जे चाललेलं असतं ते विमानोड्डाणापेक्षा तसूभरही कमी विलक्षण नाही.

साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. म्हणजे प्रत्येक चित्राला मिळतात १६.७ मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एवढ्या वेळात संगणकानं काय काय करायचं? पंखांच्या आणि शेपटीच्या शेकडो भागांवर हवेचा दाब किती ते काढायचं. वारा, इंजिन, इंधन, वजन यांचा हिशेब मांडायचा. कॉकपिटमधले पडदे नव्यानं रंगवायचे. आसपास उडणारी इतर विमानं हलवायची. कोणती इमारत दिसते, कोणती दुसरीच्या आड आहे, कोणती इतकी लांब आहे की ओबडधोबड काढली तरी चालेल, हे ठरवायचं. आणि मग ते सगळं रंगवायचं. हे झालं एका चित्राचं काम. झालं की लगेच पुन्हा, पहिल्यापासून.

हे काम दोघांत वाटलेलं असतं. दिवाळीत दारासमोर काढलेली ठिपक्यांची मोठी रांगोळी आठवा. ठिपके घालायचं काम एकाच जाणत्या हाताचं असतं, कारण पुढचा ठिपका कुठे पडणार हे मागच्यावर ठरतं. ओळी जुळल्या, रेषा जोडल्या, की मग रंग भरायला घरातली सगळी पोरं एकदम बसू शकतात, कारण एका पाकळीचा रंग दुसरीच्या रंगावर अवलंबून नसतो. संगणकात ठिपके घालतो प्रोसेसर आणि रंग भरतं ग्राफिक्स कार्ड. खरोखरच, ग्राफिक्स कार्डाकडे जाते ती बिंदूंची आणि त्यांना जोडणाऱ्या त्रिकोणांची यादी. त्या त्रिकोणांत रंग भरणारे कार्डाचे हात हजारोंनी असतात.

या हजारो हातांची ताकद किती, याचा अंदाज घ्यायला पुण्याला जाऊ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संस्थेनं १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा भारताचा पहिला महासंगणक उभा केला. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर आपल्या लोकांनी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून तो घडवला होता. त्याचा कमाल वेग सेकंदाला एक अब्ज आकडेमोडींच्या घरात होता. २०२१ चं आरटीएक्स ३०६० हे मध्यम प्रतीचं कार्ड कागदावर सेकंदाला बारा हजार अब्जांहून जास्त आकडेमोडी करतं. दोन्हीकडच्या आकडेमोडीची जात अगदी एकसारखी नाही, हे मान्य. तरी ढोबळ मानानं बारा हजार ‘परम’ एका हातात धरता येणाऱ्या पेटीत आले आहेत, आणि ते कसारा घाटातल्या झाडांना हिरवा रंग देत बसले आहेत!

मग एवढी ताकद असूनही चित्र अडखळतं का? कारण रंग भरणारे हजार हात ठिपक्यांची वाट पाहत बसतात.

मुंबईवर ठिपके वाढतात. इमारती, रस्ते, गाड्या, धावपट्टीवर उभी विमानं, त्यात तुम्ही एअरबस ए३२० घेतली असेल तर तिच्या कॉकपिटचे जिवंत पडदे. आणि या ठिपक्यांचा मोठा भाग एकाच धाग्यावर चालतो. त्याला मेन थ्रेड म्हणतात. तुमच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे काम करणारे स्वतंत्र हात, असोत की सोळा, तो धागा एका वेळी एकाच कोअरवर बसतो. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडॉल यांनी १९६७ मध्येच याचं गणित मांडून ठेवलं आहे. समजा कामाचा ४० टक्के भाग एकामागून एकच करावा लागणारा आहे. मग उरलेल्या ६० टक्क्यांसाठी आठ कोअर लावले तर एकूण वेग जेमतेम दुप्पट होतो. आणि अगणित कोअर लावले तर? अडीच पट. बस. त्यापुढे कितीही पैसे ओता, आकडा सरकत नाही.

म्हणूनच टास्क मॅनेजर इथं हमखास चकवतो. तो दाखवतो की प्रोसेसर वीस टक्केच कामात आहे, आणि आपण निष्कर्ष काढतो की प्रोसेसरला काहीच धाड भरलेली नाही. पण ते वीस टक्के सर्व कोअरची सरासरी असते. एक हात घामाघूम आणि बाकीचे रिकामे, यांची सरासरी नेहमीच निवांत दिसते.

निदान करायचं तर एक फार सुंदर युक्ती आहे आणि ती फुकट आहे. मुंबई विमानतळावर एकाच जागी विमान उभं करा, वेळ आणि हवामान कायम ठेवा, सेकंदाला किती चित्रं येतात ते टिपून घ्या. आता सेटिंगमध्ये रेंडर स्केलिंग शंभरावरून पन्नासवर आणा. चित्र धूसर होईल, कारण रंगवायचं क्षेत्रफळ एक चतुर्थांश झालं. ठिपके मात्र तेवढेच राहिले. आता आकडा पाहा. तो उसळला तर ग्राफिक्स कार्ड दमलेलं होतं. हललाच नाही तर दोष प्रोसेसरच्या बाजूचा. सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये तर चित्रवेगाचा एक छोटा फलकच उघडता येतो आणि कोण कुणाला अडवतंय ते तो सरळ लिहून दाखवतो. मुंबईवर तिथं बहुतेकदा मेन थ्रेडचं नाव झळकतं. टेरेन लेव्हल ऑफ डीटेल ही एकच पट्टी खाली ओढली तरी पुष्कळ हिसके जातात, कारण दूरवरचे ठिपके कमी होतात. मी तर म्हणेन, बाजारात जाण्यापूर्वी एक अख्खा रविवार या पट्टीला द्यावा.

आता येतो या गोष्टीतला सर्वांत मोठा अचंबा.

एप्रिल २०२२ मध्ये एएमडीनं रायझन ७ ५८००एक्स३डी नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा मोठा भाऊ ५८००एक्स आधीपासून होता. दोघांचे आठ-आठ कोअर, रचना तीच. नव्याची कमाल गती ४.५ गिगाहर्ट्झ, जुन्याची ४.७. म्हणजे नवा प्रोसेसर चक्क हळू! आणि तरीही फ्लाइट सिम्युलेटरमध्ये त्यानं जुन्याला सहज मागं टाकलं. हळू असून पुढे कसा गेला?

उत्तर त्याच्या माथ्यावर होतं. जुन्यात ३२ एमबी कॅशे होती. कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या अंगातली, अगदी हाताशी असलेली मेमरी. नव्यात एएमडीनं सिलिकॉनच्या चकतीवर ६४ एमबी मेमरीची दुसरी चकती चढवली, विटेवर वीट ठेवावी तशी. एकूण झाली ९६ एमबी. दोन चकत्यांमध्ये डाखही नाही, तांब्याला तांबं थेट भिडवलेलं. आठवतात ते १६ केबी? आर्टविकचा पहिला सिम्युलेटर ज्या मेमरीत मावत होता, तशा सहा हजारांहून जास्त मेमऱ्या या कॅशेत बसतात.

पण एवढ्यानं फरक का पडावा? रॅम तर आधीच सोळा-बत्तीस जीबी असते. फरक पडतो तो अंतरानं. साडेचार गिगाहर्ट्झवर प्रोसेसरचा एक ठोका इतका छोटा असतो की तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसहा सेंटिमीटरच्या थोडंच पुढे जातो. पडद्यावरचा प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत प्रोसेसरचे आठ-नऊ ठोके पडून गेलेले असतात! अशा यंत्राला मदरबोर्डवर दूर बसलेल्या रॅमकडे काही मागायचं म्हणजे लांबचा प्रवास. वाटेत वेळ जातोच, त्याहून जास्त जातो रॅमच्या आत योग्य ओळ उघडून तिथला विद्युतभार वाचण्यात. सगळं मिळून सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद. म्हणजे तीनशेहून अधिक ठोके वाया. तीच गोष्ट कॅशेत सापडली तर पन्नासच्या आसपास ठोक्यांत काम होतं.

आणि फ्लाइट सिम्युलेटर काय करतो? सतत विखुरलेल्या गोष्टी मागतो. ही इमारत, ते झाड, तो रनवेचा दिवा, त्या दुसऱ्या विमानाची उंची. पुढची मागणी कोणती हे आधी ओळखणं प्रोसेसरला अवघड जातं. म्हणून तुमचा महागडा प्रोसेसर मुंबईवर बराच वेळ आकडेमोड करतच नसतो. तो वाट बघत असतो. कॅशे मोठी झाली की वाट बघणं कमी होतं, आणि ठोका थोडा हळू पडला तरी चालतो. मला हे फार मोहक वाटतं. पन्नास वर्षं आपण संगणकाला ‘आणखी जलद’ करायच्या मागे होतो, आणि इथं एका खेळाला हवं होतं ‘आणखी जवळ’.

यात मध्यमवर्गीय खिशासाठी एक सुखद गोष्ट आहे. ५८००एक्स३डी बसतो तो मदरबोर्डवरच्या एएम४ या सॉकेटवर, आणि तो सॉकेट २०१६ पासून चालत आलेला. कुणी २०१९-२० मध्ये रायझनची साधी मशीन जुळवली असेल, तर मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट तेच ठेवून, बोर्डाचं बायोस हे मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत करून नुसता प्रोसेसर बदलता येतो. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला बोर्ड आणि त्याला लागणारी बायोसची आवृत्ती आधी पाहून घ्यावी. हा आणि त्याचा स्वस्त धाकटा भाऊ ५७००एक्स३डी नवेकोरे मिळणं आता कठीण झालं आहे. जुन्या मालात मिळाला तर चालवून पाहून घ्यावा. अगदी नव्यानं जुळवणी करणाऱ्यानं एएम५ सॉकेटवरचा ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बघावा, पण मग बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्ही नवं घ्यावं लागेल.

रॅमची बाब थोडक्यात, पण तिथं फुकटातला खजिना दडलेला आहे. ३२०० किंवा ३६०० वेगाची म्हणून विकत घेतलेली डीडीआर४ रॅम बसवल्यावर आपोआप त्या वेगानं चालेलच असं नाही. अनेकदा ती २१३३ किंवा २४०० वरच वर्षानुवर्षं रांगत राहते, कारण बायोसमध्ये एक्सएमपी नावाची नोंद कुणी चालूच केलेली नसते. एक कळ, आणि विकत घेतलेला वेग अखेर हाती. दुसरं, एकच १६ जीबीची पट्टी असेल तर प्रोसेसरला रॅमकडे जायला एकच रस्ता मिळतो, दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर दोन. मायक्रोसॉफ्टनं सिम्युलेटरच्या २०२४ च्या आवृत्तीसाठी किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ जीबी रॅम सांगितली आहे. ३२ वर थांबावं, ६४ ची घाई नको. त्याच यादीत इंटरनेटचा वेगही दिला आहे: किमान १०, शिफारस ५० आणि आदर्श १०० एमबीपीएस. विमान उडवायला ब्रॉडबँडचं माप! पण पृथ्वीच जर तारेतून येणार असेल, तर तेही ओघानंच आलं.

एवढं सांगून ग्राफिक्स कार्डावर अन्याय नको. रेंडर स्केलिंग घटवल्यावर तुमचा आकडा उसळला असेल, तर कार्ड हवंच. पडदा फोर-के असेल तर प्रत्येक चित्रात त्र्याऐंशी लाखांच्या आसपास पिक्सेल रंगवायचे असतात, फुल एचडीत एकवीस लाखांहून कमी. कार्ड घेताना त्याच्या अंगच्या मेमरीकडे आधी पाहावं. मायक्रोसॉफ्टची शिफारस ८ जीबीची, आदर्श १२ ची. ही मेमरी भरली की शहराची छायाचित्रं रॅममधून ओढून आणावी लागतात आणि तेव्हा जे हिसके बसतात ते सर्वांत वाईट.

पण कार्डाच्या पोटातही एक जादू आहे. एनव्हिडियानं २०१८ पासून आणलेल्या डीएलएसएस या तंत्रात फोर-केचं चित्र मुळात निम्म्याहून कमी पिक्सेलांत रंगवतात आणि उरलेले पिक्सेल शिकवून तयार केलेलं न्यूरल जाळं भरून काढतं. आधीच्या चित्रांत काय दिसलं होतं, वस्तू कुठे सरकली, यावरून ते हे ताडतं. २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेनं त्याच्याही पुढची मजल मारली. दोन खऱ्या चित्रांच्या मधलं एक अख्खं चित्र कार्ड स्वतःच रचतं. त्या मधल्या चित्रासाठी प्रोसेसरला कुणी विचारतच नाही, म्हणजे ठिपके न घालताच रांगोळी! मेन थ्रेडमध्ये अडकलेल्या मुंबईवर हे वरदान ठरतं. किंमत एवढीच की पुढचं खरं चित्र क्षणभर अडवून धरावं लागतं, त्यामुळे हाताची हालचाल पडद्यावर किंचित उशिरा उमटते. गोळीबाराच्या खेळात हे चालणार नाही. सत्तर टनांच्या ए३२०ला चालतं, कारण खरं विमानही काही स्टिक हलवल्या क्षणी उडी मारत नाही.

आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, तो मॉनिटर. सेकंदाला ४५ चित्रं ३० पेक्षा चांगली, असंच कुणीही म्हणेल. साठ हर्ट्झच्या साध्या पडद्यावर मात्र उलटं होऊ शकतं. पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलतो. ४५ चित्रं त्यात समान वाटली जात नाहीत, म्हणून दर तीन चित्रांतली दोन एक-एक वेळा दिसतात आणि तिसरं दोनदा. लहान, लहान, मोठं. लहान, लहान, मोठं. डोळ्याला हे लंगडणं लगेच कळतं. ३० वर बांधून ठेवलं तर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं आणि चाल सम होते. डोळ्याला वेगाइतकंच, किंबहुना जास्त, सातत्य हवं असतं. जी-सिंक आणि फ्रीसिंक असलेल्या पडद्यांनी ही अडचण मुळातूनच सोडवली. तिथं पडदा घड्याळाकडे न पाहता चित्र तयार व्हायची वाट पाहतो आणि ते येताच दाखवतो. एके काळी हे महागड्या पडद्यांतच मिळायचं, आता बेताच्या किमतीतही मिळतं. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बरे असतील, तर मी पुढचे पैसे इथं घालेन.

एसएसडीबद्दल लांबण नको. जुनी हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी घ्या. एनव्हीएमई जातीची वेगवान एसएसडी आधीच असेल तर तिच्याहून वेगवान एनव्हीएमईनं उड्डाणात जाणवेल असा फरक क्वचितच पडतो.

राहिला इंदूरचा मे महिना. खोलीतली हवा दहा अंशांनी तापली की तोच कूलर असलेला प्रोसेसरही ढोबळ मानानं तेवढाच तापतो. ५८००एक्स३डीची मर्यादा ९० अंशांची. तिथं पोचला की तो जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो, आणि जानेवारीत गुळगुळीत उतरलेलं विमान मेमध्ये अडखळतं. कोअरची उष्णता कूलरपर्यंत जाताना वर चढवलेल्या सिलिकॉनमधून जाते, ही त्या रचनेची उणी बाजू. म्हणून चांगला कूलर, कॅबिनेटमध्ये हवा आत-बाहेर खेळेल अशी वाट, आणि नव्या कार्डाला पेलेल असा पॉवर सप्लाय, हे तीन खर्च आधीच धरून चालावं.

नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीच्या अभियंत्यांनी या उणिवेवर जो तोडगा काढला, तो ऐकून हसूच येतं, इतका तो सरळ आहे. त्यांनी दोन्ही चकत्या उलट्या रचल्या. कॅशे खाली, कोअर वर. कोअर थेट कूलरच्या जवळ आले, उष्णतेच्या वाटेतली वीट दूर झाली, कमाल गती ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढली. ५८००एक्स३डीवर वेग वाढवता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूपही या प्रोसेसरवर नाही.